फावला वेळ : जुन्या यंत्रांचा नवा शेजार

प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी असते, की जिचं काम केव्हाच संपलेलं असतं, पण तिला मोडीत घालायला कुणाचा हात होत नाही. कुणाकडे सासूबाईंचं पायाचं शिवणयंत्र असतं, कुणाकडे पितळी स्टोव्ह, तर कुणाकडे आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. घरातलं कुणीतरी वर्षातून एकदा त्याला तेलपाणी करतं, चालवून पाहतं आणि पुन्हा झाकून ठेवतं. "कशाला हा पसारा?" असं आपण म्हणतो खऱ्या, पण ते यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला, की हात पुसत पाहायला आपणच बाहेर येतो!

आज या सदरात अशाच एका छंदाची ओळख करून द्यायची आहे. फरक इतकाच, की यातली वस्तू आहे जुना कॉम्प्युटर. जुना म्हणजे दहा वर्षांपूर्वी मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला नव्हे हं! १९६५ ते १९८५ या काळातला, कपाटाएवढा, आणि तरीही 'मिनी-कॉम्प्युटर' म्हणवला जाणारा. हे कॉम्प्युटर पुन्हा चालते करायचे, एवढंच नव्हे तर ते एकमेकांना जोडून त्यांच्यात पत्रव्यवहार सुरू करायचा, असा छंद जगभर अनेकजण हौसेनं करतात. खुटबावसारख्या उसाच्या गावात, शाळेचे तास आणि घरचं आवरून मी तो करते. तेव्हा तुम्हालाही जमेल, याबद्दल मनात शंका नको.

कपाटाएवढा, तरी मिनी

आधी नावाचं कोडं सोडवू. सुरुवातीचे कॉम्प्युटर एवढे मोठे असत, की त्यांना स्वतंत्र दालन लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी बांधलेला कॉम्प्युटर १९६० मध्ये सुरू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं केलं. त्यात हजारो व्हॉल्व्ह होते. असं यंत्र म्हणजे राजवाड्यातला हत्ती. सामान्य कारखान्याला तो पोसणं शक्य नव्हतं.

अमेरिकेत मेनार्ड नावाच्या गावी, लोकरीच्या एका जुन्या गिरणीत, १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजेच 'डेक', ही कंपनी निघाली. तिनं १९६५ मध्ये 'पीडीपी-८' नावाचा कॉम्प्युटर बाजारात आणला. किंमत १८,००० डॉलर. त्या वेळच्या भावानं सुमारे ८५ हजार रुपये. आपल्याला ती रक्कम मोठी वाटेल, पण दालनभर यंत्रांच्या मानाने ही किंमत म्हणजे स्वस्ताईच होती. आकारानंही तो लहानशा फ्रिजएवढा. म्हणून तो 'मिनी'! पुढे १९७० मध्ये 'पीडीपी-११' आणि १९७७ मध्ये 'व्हॅक्स' आले. 'युनिक्स' ही कार्यप्रणाली आणि 'सी' ही संगणकाची भाषा पीडीपी-११ वरच मोठी झाली. आज तुमच्या हातातल्या मोबाइलचं कूळ शोधत मागे गेलं, तर वाटेत हे घराणं भेटतंच.

आपणही मागे नव्हतो बरं का. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झालेल्या कामातून हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशननं १९६९ मध्ये 'टीडीसी-१२' हा कॉम्प्युटर तयार केला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. आपल्या मुंबईजवळच्या ट्रॉम्बेचं नाव त्यानं मिरवलं.

या यंत्रांत आपल्याला, बायकांना, अभिमान वाटावा अशीही एक गोष्ट आहे. त्या काळी कॉम्प्युटरची स्मरणशक्ती चिपमध्ये नसे. मोहरीएवढ्या चुंबकी कड्या तारांच्या जाळीत ओवलेल्या असत. एकेका कडीतून साधारण चार तारा. पीडीपी-८ च्या साध्या स्मरणसाठ्यात ४,०९६ शब्द मावत, दर शब्दाला १२ कड्या. म्हणजे झाल्या ४९,१५२ कड्या! त्या ओवायच्या कशा? भिंगाखाली, सुईनं, हातानं. आणि हे काम कारखान्यांत प्रामुख्यानं स्त्रियाच करत. मोत्यांची नथ गुंफणाऱ्या हातांना हे काही वेगळं सांगायला नको. या कड्यांचा आणखी एक गुण असा, की वीज गेली तरी त्यांतलं पुसलं जात नाही. वीज परत आली, की यंत्र आठवण शाबूत ठेवून हजर! आमच्याकडे लाइट केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे मला हा गुण फार मोलाचा वाटतो.

आपण सगळ्यांनी वापरलेली यंत्रं

तुम्ही म्हणाल, हे सगळं शास्त्रज्ञांचं; आपला काय संबंध? संबंध आहे. खुटबाव हे पुणे-दौंड लोहमार्गावरचं स्टेशन. एका बाजूला यवत, दुसऱ्या बाजूला केडगाव. आमच्याकडच्या जुन्या बायका सांगतात, की लांबच्या गाडीचं आरक्षण म्हणजे एक दिव्यच असे. मोठमोठ्या वह्यांत कारकून हातानं नावं लिहीत. दुसऱ्या गावाहून निघणाऱ्या गाडीत जागा हवी असेल, तर तिथे तार जायची आणि उत्तराची वाट पाहायची. परतीचं तिकीट मिळेपर्यंत माहेरी आलेल्या मुलीच्या जिवाला घोर.

हे चित्र मिनी-कॉम्प्युटरनी बदललं. १९८५ मध्ये दिल्लीत रेल्वे आरक्षणाचा संगणकी प्रयोग सुरू झाला. सीएमसी या त्या वेळच्या सरकारी कंपनीनं 'इम्प्रेस' नावाची योजना बांधली, आणि ती चालत होती डेकच्या व्हॅक्स यंत्रांवर. पण सुरुवातीला प्रत्येक मोठ्या केंद्राचं यंत्र आपापल्यापुरतं पाही. मुंबईच्या यंत्राला कलकत्त्याच्या गाडीतली रिकामी जागा दिसत नसे. १९९४ मध्ये सिकंदराबादला 'कॉन्सर्ट' ही नवी प्रणाली आली आणि १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. तेव्हापासून कुठल्याही संगणकी खिडकीवरून कुठूनही कुठलंही तिकीट मिळू लागलं.

यातून एक साधी गोष्ट कळते. एकटं यंत्र कितीही हुशार असलं, तरी त्याची धाव कुंपणापर्यंत. खरा उपयोग शेजाऱ्याशी बोलणं सुरू झाल्यावर. या छंदाचंही तसंच आहे. यंत्र चालू करणं ही अर्धी गंमत, आणि ते दुसऱ्याशी जोडणं ही उरलेली.

घरात कपाट न आणता

आता मुख्य प्रश्न. एवढं धूड घरात ठेवायचं कुठे? ठेवायचंच नाही. खरं यंत्र ज्यांच्याकडे आहे ते भाग्यवान. पण आपल्याकडे ती यंत्रं क्वचितच उरली आहेत. आपण 'सोंग' घेणारं यंत्र वापरायचं. नाटकात नट जसा भूमिका वठवतो, तसा आजचा साधा कॉम्प्युटर पीडीपी-८ ची किंवा पीडीपी-११ ची भूमिका वठवतो. त्यासाठी 'सिम-एच' नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. डेकमध्येच वरिष्ठ पदावर असलेल्या बॉब सुपनिक यांनी १९९३ मध्ये त्याची सुरुवात केली आणि नंतर अनेक हातांनी तो वाढवला. पाटीत चालतो तो मात्र मूळ काळातलाच कार्यक्रम, अक्षर न् अक्षर तोच. आमटी तीच, पातेलं निराळं, एवढंच म्हणा ना!

जुना लॅपटॉप पडून असेल तर तोही चालेल. नसेल तर 'रास्पबेरी पाय' नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर बऱ्यापैकी मिक्सरच्या किमतीत येतो. वीज म्हणाल तर सात वॅटच्या आसपास. रात्रंदिवस चालू ठेवला, तरी महिन्याला पाच युनिट. ज्यांना हौस जास्त आणि हात मोकळा, त्यांनी खटके आणि दिवे असलेली पाटी घ्यावी. पीडीपी-८ आणि पीडीपी-११ च्या दर्शनी पाट्यांच्या लहान आकाराच्या नकला जुळणीच्या संचात मिळतात. डाग देता येणाऱ्या, म्हणजे सोल्डरिंग करणाऱ्या माणसाला दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

पहिला पदार्थ : दोन अधिक तीन

सुरुवात साध्या वरण-भातानं करावी, तशी या छंदाची सुरुवात बेरजेनं करावी. ही कृती मी आठवीच्या मुलांकडून करून घेते आणि त्यांना द्विमान पद्धत फळ्यापेक्षा लवकर समजते.

पाटीवर बारा खटके असतात. त्यांचे तीन-तीनचे चार गट. प्रत्येक गटात खटके वर-खाली करून ० ते ७ असा आकडा मांडता येतो. उजवीकडच्या खटक्याची किंमत १, मधल्याची २, डावीकडच्याची ४. म्हणजे डावा आणि उजवा वर केला, की झाले ५. यालाच अष्टमान पद्धत म्हणतात. आठ आणि नऊ हे आकडे इथे नाहीतच. चार गटांचे मिळून चार आकडे, हा झाला यंत्राचा एक 'शब्द'.

साहित्य : आठ शब्द. ७३००, १२०५, १२०६, ३२०७, ७४०२, ०००२, ०००३ आणि उत्तरासाठी एक रिकामी जागा.

कृती : खटक्यांवर ०२०० मांडून 'लोड ॲड' दाबावं. 'या पत्त्यापासून सामान ठेवायचं आहे' असा त्याचा अर्थ. मग ७३०० मांडून 'डेप' दाबावं. शब्द जागेवर जातो आणि यंत्र आपणहून पुढच्या पत्त्यावर सरकतं. त्याचप्रमाणे पुढचे सहा शब्द एकामागून एक भरावेत. भरून झाल्यावर पुन्हा ०२०० मांडून 'लोड ॲड' आणि मग 'स्टार्ट'. दिवे लुकलुकायलाही वेळ मिळत नाही, इतक्यात काम संपतं. शेवटी ०२०७ मांडून 'लोड ॲड' आणि 'एक्झाम' दाबावं. दिव्यांमध्ये शेवटच्या गटातला डावा आणि उजवा उजळतो : ०००५. दोन अधिक तीन, पाच!

शब्दांचा अर्थ असा. ७३०० म्हणजे 'आधी भांडं विसळून घे'. १२०५ म्हणजे ०२०५ या पत्त्यावरचा आकडा भांड्यात मिळव. १२०६ म्हणजे त्याच्या पुढचा मिळव. ३२०७ म्हणजे झालेली बेरीज ०२०७ वर ओतून ठेव. ७४०२ म्हणजे थांब. बस्स! यात काही लपवलेलं नाही. आपल्या मोबाइलच्या पोटात काय चाललं आहे, हे एका माणसाला पूर्ण कळणं आता शक्य राहिलेलं नाही. पण हे यंत्र तुम्ही-आम्ही संपूर्ण समजून घेऊ शकतो, अगदी तळापर्यंत. मला या छंदाची गोडी लागली ती यामुळे.

पाटी नसेल तरी अडत नाही. सिम-एचमध्ये पडद्यावर 'डिपॉझिट २०० ७३००' असं एकेक टंकावं, मग 'गो २००', आणि उत्तरासाठी 'एक्झामिन २०७'. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत द्यायच्या.

दोन घरांची गाठ

बेरीज जमली, की पुढचा टप्पा शेजाराचा. यासाठी पीडीपी-११ किंवा व्हॅक्स घराणं लागतं, कारण डेकची स्वतःची 'डेकनेट' नावाची जोडणी त्यांच्यासाठी १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तयार होत गेली. आपल्याकडे एर्नेट हे शिक्षणसंस्थांचं जाळं १९८६ मध्ये सुरू झालं, त्यात आठ संस्था होत्या. आणि सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे डेकनेट या दोहोंहून जुनं.

आमची जोडणी खुटबाव आणि पुणे या दोन घरांची आहे. पुण्याला माझ्या मामंजींचे धाकटे भाऊ, आमचे नाना, राहतात. ते एका कारखान्याच्या कॉम्प्युटर-विभागातून निवृत्त झालेले. व्हॅक्सच्या थंडगार खोलीत स्वेटर घालून पाळ्या केलेला माणूस! त्यांच्याकडून शिकलेल्या चार गोष्टी सांगते. यांतली एक जरी चुकली, तरी गाठ बसत नाही.

पहिली गोष्ट नावाची. डेकनेटमध्ये यंत्राचं नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचं. खुटबावचं इंग्रजी स्पेलिंग सात अक्षरांचं. शेजारच्या केडगावचंही सातच! तेव्हा आम्ही पलीकडच्या स्टेशनचं नाव उसनं घेतलं. आमचं यंत्र 'यवत', नानांचं 'पुणे'. पुढे वाढवलं तर 'पाटस' आणि 'दौंड' ही नावं तयार आहेत. चिरंजीवांना मात्र आपल्या गावाचं नाव गेल्याचा राग अजून आहे.

दुसरी गोष्ट पत्त्याची. प्रत्येक यंत्राला टिंबानं जोडलेले दोन आकडे असतात. पहिला विभागाचा, १ ते ६३. दुसरा यंत्राचा, १ ते १०२३. आमचा १.१, नानांचा १.२. तयार यंत्राच्या डिस्कची नक्कल करून दुसरं यंत्र उभं करणं सोपं असतं. पण त्याबरोबर पत्त्याचीही नक्कल होते. एकाच पत्त्यावर दोन घरं असली तर पोस्टमन काय करील? म्हणून जोडण्याआधी नकलेचा पत्ता बदलायचा.

तिसरी गोष्ट वायफायची. डेकनेट सुरू होताना यंत्राच्या नेटवर्क-कार्डाचा कारखान्यातून आलेला पत्ता बदलून आपला पत्ता त्याला देतं. सासरी आल्यावर नाव बदलावं, तसंच! घरातल्या वायफायला हा प्रकार सहसा मानवत नाही, ते अनोळखी पत्त्याची पत्रं टाकून देतं. म्हणून या यंत्राला राऊटरपर्यंत साधी केबलच ओढावी. आणि हे बदलणं सुरुवातीलाच होतं, त्यामुळे एकाच कार्डावर आणखी काही चालवायचं असेल, तर क्रम असा : आधी डेकनेट, मग बाकीचे.

चौथी गोष्ट वाटेची. आजचं इंटरनेट डेकनेटची भाषा ओळखत नाही. मग खुटबावहून पुण्याला पत्र जायचं कसं? डेकनेटचं पत्र आहे तसं इंटरनेटच्या मोठ्या पाकिटात घालायचं, पलीकडे पाकीट फोडून आतलं पत्र पुढे द्यायचं. हे काम 'ब्रिज' नावाचा छोटा कार्यक्रम करतो. दोन्ही टोकांना तो चालू असला, की जुन्या यंत्रांना वाटतं आपण एकाच खोलीत आहोत.

एवढं झालं, की दुसऱ्या यंत्राचं नाव आणि त्यापुढे दोन विसर्गांसारखी चार टिंबं (::) टंकून त्याच्याकडच्या फायली पाहता येतात, पत्र पाठवता येतं. आमच्याकडून नानांना गेलेला पहिला निरोप होता, 'हुरडा तयार आहे, रविवारी या.' काम फोननंही झालं असतं, हे कबूल. पण हातानं काढलेल्या रांगोळीला "छापाची मिळते ना बाजारात?" असं कुणी विचारतं का?

दोन घरांपलीकडे जायची इच्छा झाली, तर 'हेकनेट' नावाचं हौशी मंडळींचं जागतिक जाळं आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या 'अपडेट' या संगणक-मंडळाशी त्याचं जुनं नातं. तिथे वर्गणी वगैरे काही नाही. मात्र आपल्या मनानं पत्ता घ्यायचा नाही, व्यवस्था पाहणाऱ्यांकडून मागून घ्यायचा. वाड्यात बिऱ्हाड करताना मालकांना विचारतो, तितकाच हा शिष्टाचार.

लक्षात ठेवण्याजोगं

१. डेकनेटवर परवलीचा शब्द उघडाच जातो, झाकलेला नसतो. बँकेचा किंवा मोबाइलचा परवलीचा शब्द इथे चुकूनही वापरू नये.

२. कार्यक्रमांच्या परवान्याकडे लक्ष द्यावं. व्हॅक्सच्या व्हीएमएस प्रणालीसाठी हौशी लोकांना १९९७ पासून फुकट परवाना मिळे. २०२० मध्ये ती योजना बंद करण्यात आली. नव्या कंपनीच्या योजनेत व्हॅक्सचा समावेश नाही. युनिक्सच्या जुन्या आवृत्त्या मात्र २००२ पासून मोकळ्या आहेत. नवशिकीनं पीडीपी-८ ची बेरीज आणि पीडीपी-११ वरचं जुनं युनिक्स, असा क्रम ठेवावा.

३. कुणाला खरं जुनं यंत्र मिळालं, तर उत्साहाच्या भरात खटका दाबू नये. अमेरिकन यंत्रं पुष्कळदा ११० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टवर क्षणात जळतील. वर्षानुवर्षं पडून असलेले कपॅसिटर निकामी होतात, आणि यंत्र बंद असतानाही त्यांत विजेचा साठा राहू शकतो. विजेचा भाग सुटा काढून जाणकाराकडून तपासून घ्यावा. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

४. आतला फोम कालांतराने चिकट भुगा होतो. तो ओल्या फडक्यानं पुसू नये. कोरड्या कुंचल्यानं हलक्या हातानं काढावा. गंजलेले, पाझरणारे सेल दिसले तर आधी ते बाजूला करावेत.

५. भोकांची कागदी पट्टी सापडली, तर तिला इस्त्री करू नये. सैल गुंडाळी करून, कोरड्या डब्यात ठेवावी. चुंबकी टेप स्वतः लावून पाहण्याचा मोह टाळावा. जुन्या टेपचा थर सुटून येतो आणि त्यावरचं कायमचं जातं.

रद्दीवाला येण्यापूर्वी

आता ज्यासाठी मुद्दाम हा विषय घेतला, ते सांगते. आपल्याकडच्या या यंत्रांचं पुढे काय झालं? टिफ्रॅक १९६५ मध्ये मोडलं. नानांच्या कारखान्यात नवी यंत्रं आली, तेव्हा व्हॅक्स भंगारात किलोच्या भावानं गेला. ज्या कपाटाजवळ चप्पल घालून जायची बंदी होती, ते हातगाडीवरून गेलं, असं ते सांगतात. यंत्र गेलं त्याचं आता वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही; त्याचं सोंग घेणारं यंत्र आपल्याकडे आहे. पण सोंगाला संहिता लागते! पुस्तिका, आकृत्या, टेप आणि कामगारांच्या वह्या नसतील, तर यंत्र चालवायचं कशाच्या आधारे?

परदेशी कंपन्यांच्या छापील पुस्तिका तिकडच्या हौशी लोकांनी हजारोंनी जपल्या आहेत. आपल्याकडे ही यंत्रं कशी चालवली, उकाड्यात कशी थंड ठेवली, सुटे भाग मिळत नसताना कशी दुरुस्त केली, मराठी नावं इंग्रजी अक्षरांत कशी बसवली, हे मात्र कुठल्याही पुस्तिकेत नाही. ते आहे निवृत्त माणसांच्या डोक्यात आणि त्यांच्या वह्यांत. आणि त्या वह्या आहेत कुठे? माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. माळा साफ कोण करतं? रद्दीवाल्याला हाक कोण मारतं? आपणच ना!

नानांच्या दोनशे पानी दोन वह्या अशाच निघाल्या होत्या, घर बदलताना. आमच्या काकूंनी रद्दीच्या ढिगावर ठेवण्याआधी एकदा विचारलं, "या हव्यात का हो?" त्या वह्यांत पेन्सिलीनं लिहिलेलं आहे : तारीख, बिघाड, कारण, उपाय. वर सांगितलेली पत्त्याच्या नकलेची सूचना त्यातलीच. 'आधी डेकनेट' हीसुद्धा. काकूंच्या त्या एका प्रश्नानं आमचं जाळं उभं राहिलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि वह्यांइतकंच माणसाचंही आहे. निवृत्तीनंतर कामाची गोष्ट ऐकायला घरात कुणाला सवड नसते. "तुमचं ते जुनं पुराण नको" म्हणून आपणही टाळतो. नानांना आता पंचाहत्तरी जवळ आली. पाठीच्या दुखण्यानं बाहेर पडणं कमी झालं आहे, पण संध्याकाळी सातला 'पुणे' यंत्र चालू असतं. माझ्या मुलाला एखादी आज्ञा अडली, की तो विचारतो आणि ते सांगतात. उत्तर चार ओळींत येऊ शकतं, पण येतं चाळीस ओळींचं! त्या चाळीस ओळी आम्ही तारीख घालून जपून ठेवतो.

तेव्हा मैत्रिणींनो, दिवाळीच्या किंवा पाडव्याच्या सफाईत एवढं करा. घरातलं कुणी कारखान्यात, बँकेत, रेल्वेत, विम्याच्या कचेरीत किंवा प्रयोगशाळेत कॉम्प्युटरवर काम करत असेल, तर त्यांचं जुनं सामान काढताना आधी त्यांना विचारा. वह्या, नकाशे, भोकांची कार्डं, रुंद कागदावरची छापील भेंडोळी वेगळी ठेवा. दिवसाच्या उजेडात पानापानाचा मोबाइलनं फोटो घ्या. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये गच्च बंद करू नका. जाड कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. पानाच्या मागे नव्हे, तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहा : कुणाचं, कुठल्या यंत्राचं, साधारण कोणत्या वर्षाचं. आणि चहाच्या वेळी एक प्रश्न विचारा, "तुमच्या वेळी यंत्र बंद पडलं की काय करायचात हो?"

यंत्र जोडायचं, की फक्त वही जपायची, हे तुमच्या सवडीवर. दोन्हींपैकी काहीही केलंत, तर कसं झालं ते या सदराकडे जरूर लिहून पाठवा. बेरजेचं उत्तर ०००५ ऐवजी भलतंच आलं, तरीही पाठवा. कुठला खटका खाली राहिला ते आपण मिळून शोधू.